टर्बो खरंच गेला का? ट्रकच्या दुखण्याचे निदान, पायरीपायरीने



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. दरवेळी आपण हवा, दाब, ज्वलन, घर्षण हे घटक पुस्तकातल्या उदाहरणांवरून शिकवतो. पण आमची शाळा मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळ आहे. वर्गातल्या पाच-सहा मुलांचे वडील ट्रक चालवतात. त्या मुलांना 'ज्वलनास हवा लागते' हे वाक्य पाठ असतं, पण बाबांच्या गाडीतून काळा धूर का येतो, हे सांगता येत नाही. म्हणून आज आपण ट्रकचा टर्बो आणि त्याच्या बिघाडाचे निदान हा विषय समजून घेणार आहोत.

हा विषय मला सुचला तो एका पालकांमुळे. चौथीतल्या एका मुलाचे वडील. स्वतःचा एकच ट्रक, तोही कर्जावर. पिंपळगाव आणि लासलगावकडून कांदा भरून वाशी मार्केटला जायचं, येताना मिळेल तो माल आणायचा. पालकसभा संपल्यावर ते थांबले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सहलीचे पैसे पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का?"

मी चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. मुंबईहून परत येताना कसारा घाटात गाडी ओढेना. मागून काळा धूर. बाकीच्या गाड्या पुढे जाताहेत आणि यांची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. कशीबशी नाशिकला आणली. एका गॅरेजमध्ये पाच मिनिटांत सांगितलं गेलं, "टर्बो गेला." नवीन टर्बो बसवला. दोन महिन्यांच्या हप्त्याएवढा खर्च झाला. आणि पुढच्या फेरीला, त्याच घाटात, पुन्हा तेच. तोच काळा धूर.

माझे मामा ३० वर्षं डिझेल मिस्त्री होते. आता गुडघे दुखतात म्हणून काम सोडलंय, पण कान अजून शाबूत आहेत. मी त्यांना गाडी बघायला नेलं. त्यांनी टर्बोला हातही लावला नाही. एअर फिल्टरपासून सुरुवात केली आणि एकेक पाइप चाचपत गेले. इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या जाड रबरी होजच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटभर चीर होती. वरून दिसत नव्हती. खाली हात घातल्यावर लागली. होज बदलला, गाडी घाट चढायला लागली.

म्हणजे काढून टाकलेला जुना टर्बो चांगलाच होता. ते भाऊ तो टर्बो गोणपाटात गुंडाळून शाळेत घेऊन आले. मुलांनी पंखा बोटाने फिरवला, तर तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला. कुठे घासत नाही, पातं तुटलेलं नाही. त्यांचाच मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर मस्त फिरतोय. मग बिघडलं काय होतं?"

नव्या टर्बोचे पैसे देण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा होता. चला तर मग, हा प्रश्न नीट कसा विचारायचा ते पाहू.

टर्बो म्हणजे काय?

आपल्या आजीची चूल आठवा. लाकडं ओली असली की आधी डोळ्यात पाणी आणणारा धूर होतो. आजी फुंकणी घेते, जोरात फुंकते आणि धूर जाऊन भडका उठतो. लाकडं तीच, फक्त हवा वाढली.

टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. पण ही फुंकणी फुंकायला वेगळा माणूस लागत नाही. इंजिनातून जो गरम धूर सायलेन्सरकडे निघालेला असतो, तोच वाटेत एक पंखा फिरवतो. त्या पंख्याच्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची स्वच्छ हवा ओढतो, दाबतो आणि इंजिनात ढकलतो. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर वाया जाते. त्यातलाच थोडा भाग टर्बो कामाला लावतो.

ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी ती जहाजांच्या मोठ्या इंजिनांत वापरात आली आणि १९३८ साली साउरर या स्विस कंपनीने टर्बो असलेले ट्रकचे इंजिन तयार केले. आज आपल्या महामार्गावरच्या जवळजवळ प्रत्येक मालट्रकला टर्बो असतो.

आता त्याचा वेग ऐका. ट्रकचे इंजिन मिनिटाला साधारण २,००० फेरे घेते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला ८० हजार ते एक लाख, काही वेळा त्याहूनही जास्त फेरे घेतो. एका बाजूच्या पंख्यावर ५०० ते ७०० अंश सेल्सिअसचा धूर आदळत असतो आणि दुसऱ्या बाजूला साधी हवा असते. एवढ्या वेगात शाफ्टला धरून ठेवतो तो ऑइलचा पातळसा थर. शाफ्ट खरं तर त्या ऑइलवर तरंगत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हवा दाबली की ती तापते. सायकलला पंप मारताना पंपाचा खालचा भाग गरम लागतो, तसंच. गरम हवा विरळ असते, म्हणून ती इंजिनात जाण्याआधी थंड करावी लागते. त्यासाठी रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, ती इंटरकूलर. म्हणजे हवेचा प्रवास असा: एअर फिल्टर, टर्बो, होज, इंटरकूलर, पुन्हा होज आणि शेवटी इंजिन. या वाटेवर कुठेही अडथळा आला किंवा गळती झाली, तरी चालकाला एकच जाणवतं, ते म्हणजे गाडी ओढत नाही.

हवा किती लागते? थोडं गणित करू

१ लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. नाशिकच्या उंचीवर एवढी हवा १० ते ११ घनमीटर जागा व्यापते. आपली वर्गखोली २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच धरली तर तिच्यात सुमारे ११३ घनमीटर हवा मावते. म्हणजे अख्ख्या वर्गातली हवा जेमतेम १० लिटर डिझेलला पुरते.

नाशिक ते मुंबई साधारण १७० किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो असं धरलं तर ४२ लिटरच्या आसपास डिझेल लागेल. म्हणजे किमान चार वर्गखोल्यांतली हवा! प्रत्यक्षात याहूनही जास्त लागते, कारण डिझेल इंजिनाला हवा नेहमी गरजेपेक्षा जास्तच द्यावी लागते.

त्यात कसारा ते इगतपुरी ही साधारण ३०० मीटरची चढण. इगतपुरी आणि नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहेत, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतो. म्हणजे चढावर इंजिनाला ताकद जास्त हवी आणि हवा मात्र थोडी विरळ. म्हणून हवेचा रोग सपाट रस्त्यावर लपतो आणि घाटात उघडा पडतो. कसारा घाट किंवा चांदवडजवळचा राहूड घाट म्हणजे एका अर्थाने गाडीची परीक्षाच असते.

लक्षणे वाचायला शिकू

आता मुख्य भाग. डॉक्टर जसे जीभ आणि नाडी बघतात, तसे इथे धूर, आवाज आणि ऑइल बघायचे.

*काळा धूर, आणि गाडी ओढत नाही.* याचा अर्थ डिझेल येतंय, पण त्याला पुरेशी हवा नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी म्हणजे काळा धूर. कारणे अनेक असू शकतात: एअर फिल्टर धुळीने भरलेला, होज फाटलेला, क्लॅम्प सैल, इंटरकूलर गळका, किंवा टर्बोच बिघडलेला. उलट बाजूने, हवा ठीक असून इंजेक्टर जास्त डिझेल टाकत असेल किंवा नीट फवारत नसेल, तरी धूर काळाच येतो. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. ज्या कंपनीला आपण आजही 'मायको' म्हणतो, त्या बॉशच्या इथल्या कारखान्यात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचेच भाग बनत आलेत.

*धूर नाही, पण गाडी ओढत नाही.* इथे बहुतेक वेळा डिझेलच कमी पोहोचतंय. डिझेल फिल्टर चोक, लाइनमध्ये हवा, किंवा पंपाचा प्रश्न. टर्बोवर संशय घेण्याआधी हे बघायचं. घाटात वापरायचा एक्झॉस्ट ब्रेक अर्धवट बंद अवस्थेत अडकला, तरी इंजिन गुदमरतं आणि गाडी ओढत नाही. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

*निळसर धूर.* म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ते टर्बोच्या सीलमधून येत असेल किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगमधून. टर्बोतून येत असेल तरी सीलच खराब असेल असं नाही. टर्बोतलं ऑइल खाली चेंबरमध्ये परत जाण्याचा पाइप तुंबला, किंवा इंजिनाचा ब्रीदर चोक झाला, की ऑइलला परतीची वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर ढकललं जातं. अशा गाडीला नवीन टर्बो बसवला तरी तोही ऑइल फेकणारच.

*पांढरा धूर.* थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ आला तर घाबरू नका. सतत येत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरणारं पाणी, असा संशय घ्यावा. याचं कारण टर्बोत सापडण्याची शक्यता कमी असते.

*आवाज.* टर्बोची बारीक सीटी ही नेहमीची गोष्ट आहे. चालकाला आपल्या गाडीची सीटी ओळखता येते. तीच अचानक मोठी झाली, किंवा लोडवर 'फुस्स' असा आवाज यायला लागला, तर हवा गळतेय. धातू धातूवर घासल्यासारखा, चिरका आवाज आला तर पंखा आवरणाला घासत असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी पुढे रेटू नये.

एक अपवाद. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सायलेन्सरमध्येच असतो. त्यामुळे आत काळा धूर होत असला तरी बाहेर दिसत नाही. उलट तो फिल्टर तुंबला की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि चालकाला वाटतं टर्बो गेला. अशा गाडीला धुराची परीक्षा लागू पडत नाही. तिथे मीटरवर लागलेला दिवा बघायचा आणि स्कॅनर लावून कोड वाचून घ्यायचा.

तपासणीचा क्रम: फुकटची तपासणी आधी

मामांचा एक साधा नियम आहे. ज्या तपासणीला पैसे लागत नाहीत ती आधी करायची, ज्यासाठी पार्ट काढावा लागतो ती नंतर, आणि ज्यासाठी पार्ट विकत घ्यावा लागतो ती सगळ्यात शेवटी. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असतानाच हात घालायचा.

१) विचारणे. त्रास कधीपासून? अचानक की हळूहळू? फक्त चढावर की सपाटीलाही? त्याआधी काय काम केलं होतं? अचानक ओढ गेली तर होज निघाला किंवा फाटला असेल. हळूहळू गेली तर फिल्टर, काजळी किंवा झीज असेल. त्या भाऊंनी सांगितलं होतं, "वाशीला माल उतरवेपर्यंत गाडी ठीक होती." या एका वाक्यात अर्धं उत्तर होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

२) एअर फिल्टर. काढून बघा. कांद्याच्या खळ्यावर आणि कच्च्या रस्त्यावर धूळ फार असते. अनेक गाड्यांत फिल्टरच्या डब्यावर एक छोटा निर्देशक असतो, तो लाल झाला की फिल्टर बदलायची वेळ आली. फिल्टरची जाळी फाटलेली असेल तर ते आणखी वाईट, कारण ती धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते.

३) होज आणि क्लॅम्प. नुसतं वरून बघू नका. खालच्या बाजूने बोट फिरवा. जिथून दाबाची हवा गळते तिथे ऑइल आणि धुळीचा काळा ओलसर डाग पडतो. तो डाग दिसला की तिथेच थांबून नीट बघा.

आता तुम्ही म्हणाल, उभ्या गाडीत ही गळती ऐकू का येत नाही? कारण उभ्या गाडीत टर्बो फारसा दाब तयारच करत नाही. लोडवर मात्र हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक ते दीड बार वाढतो. बंद असलेली चीर तेव्हा उघडते. म्हणून गॅरेजमध्ये रेस देऊन बघितल्यावर सगळं ठीक वाटतं आणि घाटात गाडी दम तोडते. पक्की खात्री करायची तर हवेची वाट दोन्हीकडून बंद करून, इंजिन बंद असताना, मोजून कमी दाबाची हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तसंच. बुडबुडे आले की चोर सापडला. हे काम मिस्त्रीनेच करावं, कारण दाब जास्त झाला तर होज उडू शकतो.

४) टर्बोचा पंखा. आता कुठे टर्बोकडे वळायचं. हवेकडचा पाइप काढून टॉर्चने बघा. पाती सरळ आहेत का? कडा कुरतडल्यासारख्या आहेत का? पंखा बोटाने सहज फिरतो का? मग शाफ्ट हलवून बघायचा. बाजूला किंचित हलला तर ते बहुतेक वेळा ठीक आहे, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. इंजिन बंद असताना तिथे ऑइल नसतं, म्हणून तो हलतो. इथेच अनेकांची फसगत होते. "बघा, केवढा प्ले आलाय," असं म्हणून चांगला टर्बो काढला जातो. बघायचं ते असं: बाजूला दाबून फिरवल्यावर पंखा आवरणाला टेकतो का? आणि शाफ्ट आत-बाहेर सरकतो का? टेकत असेल किंवा आत-बाहेर सरकणं हाताला स्पष्ट जाणवत असेल, तर टर्बो खरंच गेलाय.

पाइपमध्ये ऑइलचा हलका हात लागला म्हणून घाबरू नका. ब्रीदरची वाफ त्याच वाटेने जात असल्यास एवढं होतंच. ऑइल साचून थेंब पडत असतील तर मात्र कारण शोधा.

५) दाब मोजणे. शेवटी बूस्ट गेज किंवा स्कॅनर लावून, माल भरलेल्या गाडीत, चढावर दाब किती येतो ते बघायचं. कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं. दाब नियंत्रित करणारा वेस्टगेट उघडाच अडकला असेल तर तेही इथे कळतं. त्याची दांडी किंवा छोटी नळी दुरुस्त होऊ शकते.

आपण गणितात एखादं मूल चुकलं की आधी उत्तर खोडतो की पायऱ्या तपासतो? हातचा विसरला, की पाढाच येत नाही, की आकडा उतरवताना चूक झाली? तिन्हीत उत्तर चुकतंच, पण उपाय वेगळे. 'गाडी ओढत नाही' हे तसंच चुकलेलं उत्तर आहे. चूक कुठल्या पायरीवर झाली ते अजून शोधायचंय.

टर्बो खरंच गेला असेल तर?

मग दुसरा प्रश्न: का गेला? टर्बो सहसा स्वतःहून मरत नाही. कारणे ठरलेली आहेत.

- ऑइल कमी पडलं. लेव्हल कमी, किंवा टर्बोला ऑइल पोहोचवणारा बारीक पाइप काजळीने चोक.
- ऑइल घाण झालं. वेळेवर बदललं नाही की त्यातले कण बेअरिंग खरवडतात.
- बाहेरची वस्तू आत गेली. धूळ, नटबोल्ट, फाटक्या फिल्टरचा तुकडा, किंवा इंजिनातूनच तुटून आलेला कण.
- उष्णता आणि अतिवेग. हवा गळत असेल किंवा डिझेल वाढवून ठेवलेलं असेल तर टर्बोवर ताण येतो.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. फाटक्या होजवर महिनोन्‌महिने गाडी चालवली तर चांगला टर्बोही खराब होऊ शकतो, कारण दाब भरून काढण्यासाठी तो जास्त वेगाने फिरत राहतो.

म्हणून नवीन टर्बो बसवताना ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, ऑइलचा पाइप बदला किंवा आतून पूर्ण साफ झाल्याची खात्री करा, हवेचे पाइप आणि इंटरकूलर आतून झटका, कारण तुटलेल्या पात्याचे तुकडे तिथे लपलेले असतात. ऑइलच्या सांध्याला गॅस्केटऐवजी ट्यूबमधली पेस्ट लावू देऊ नका. जादा पेस्ट आत सुटते आणि त्याच बारीक वाटेत अडकते. बसवल्यावर गाडी सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरायचं. एक लाख फेरे घेणारा शाफ्ट कोरडा फिरला तर तो काही सेकंदांतच खराब होऊ शकतो.

आणि काढलेला जुना पार्ट नेहमी परत मागा. तो फिरवून बघा.

एक गंभीर धोका

सील पूर्ण फुटली आणि ऑइल मोठ्या प्रमाणात हवेच्या वाटेत शिरलं, तर इंजिन डिझेलऐवजी त्या ऑइलवरच पळायला लागतं. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, उलट रेस वाढत जाते. दाट धूर होतो. गाडी उभी असेल आणि चालक जागेवर असेल, तर ब्रेक घट्ट दाबून, मोठा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडता येतं. ते लगेच जमलं नाही तर सगळ्यांना दूर न्या. इंजिन फुटून तुकडे उडू शकतात. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड कधीही लावू नका. ओढ एवढी असते की बोटं पंख्यात जाऊ शकतात. मुलांना तर इंजिन सुरू असताना बॉनेटजवळही उभं राहू देऊ नका.

रोजची काळजी

सुरू केल्यावर लगेच रेस देऊ नये, ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. आणि घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबलात तर लगेच चावी काढू नका. दोन-तीन मिनिटं गाडी न्यूट्रलमध्ये चालू राहू द्या. लगेच बंद केलं तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण तापलेला पंखा गरमच असतो. आत अडकलेलं ऑइल तिथे करपतं आणि त्याची काजळी होते. तव्यावर तेल राहिलं आणि गॅस चालूच राहिला तर तव्याला जसा काळा थर धरतो, तसंच.

वर्गात काय घेता येईल?

१) मेणबत्तीवर उलटा ग्लास धरा. आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी होत गेला की ज्योत लहान होते, विझते. ग्लासला काजळी लागते का, निरीक्षण करा. (हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.)
२) सायकलचा पंप मारून त्याचं खालचं टोक आधी आणि नंतर हाताला कसं लागतं ते नोंदवा.
३) आपल्या वर्गखोलीचं घनफळ काढा आणि त्यातली हवा किती लिटर डिझेलला पुरेल ते सांगा.
४) 'घरातला पंखा फिरत नाही' ही समस्या द्या. मुलांनी फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीपर्यंत क्रम लावायचा: लाइट आहे का, बटण चालू आहे का, रेग्युलेटर, कॅपॅसिटर, शेवटी मोटर.

चौथा उपक्रम माझ्या वर्गात सगळ्यात जास्त रंगला. एका मुलीने पहिलीच पायरी लिहिली, "आधी आईला विचारायचं, कधीपासून बंद आहे." मामांनी हे वाचलं तेव्हा ते मनापासून हसले.

ट्रकवाल्या पालकांना एवढंच सांगेन. "टर्बो गेला" असं कुणी म्हटलं तर भांडू नका, फक्त तीन गोष्टी विचारा. तुम्ही होज आणि फिल्टर बघितले का? पंखा आवरणाला टेकतोय का, मला दाखवता का? आणि गेलाच असेल तर कशामुळे गेला? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. तो तुम्हाला हाताला धरून गाडीजवळ नेतो आणि दाखवतो.

तो जुना टर्बो आता आमच्या वर्गाच्या विज्ञान कोपऱ्यात आहे. भाऊंनी तो विकून टाकायचं ठरवलं होतं, पण मुलाने हट्ट धरला. रोज मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी तो फिरवून बघतंच. आणि हो, तो मुलगा सहलीला आला होता. पैसे त्यांनी पुढच्या महिन्यात, सांगितल्याप्रमाणे, आणून दिले.